माझ्या कौटुंबिक जबाबदाऱ्या तुम्ही परस्पर मोजल्यात: एका निवड समितीला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि निवड समितीचे सर्व सदस्य,

स. न. वि. वि.

संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. ज्यांना कळणार नाही त्यांनी आपापल्या गावातल्या समितीचं नाव घालून वाचलं तरी पत्रात फारसं काही बदलावं लागणार नाही.

घडलं ते आधी सांगते, कारण हे पत्र तुमच्याशिवाय इतरही वाचणार आहेत. सिंहस्थाआधीचा गोदाकाठ चित्रांत नोंदवून ठेवायचा म्हणून तुम्ही दहा दिवसांचं निवासी शिबिर जाहीर केलंत. कल्पना चांगली आहे. 2027 चा कुंभ होऊन गेल्यावर आजचा काठ जसाच्या तसा सापडणार नाही, हे घाटावर बसून चित्रं काढणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. अट होती की वयाची पस्तीस वर्षं पूर्ण झालेली नसावीत. मी सहा चित्रं पाठवली. यादी लागली, त्यात बारा नावं, सातवं माझं. मी पेढे आणले. सासूबाईंनी देवापुढे ठेवले.

मग मी फोन करून एक प्रश्न विचारला. शिबिराची जागा माझ्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर आहे. मुलगी पावणेपाच वर्षांची आहे. तेव्हा रात्री घरी झोपायला गेले आणि सकाळी साडेसहाला सगळ्यांच्या आधी घाटावर हजर राहिले, तर चालेल का? "विचारून सांगतो," असं उत्तर मिळालं. चौथ्या दिवशी मेल आली. त्यातलं वाक्य असं: "आपल्या कौटुंबिक जबाबदाऱ्या लक्षात घेऊन या वर्षी आपल्याऐवजी प्रतीक्षा यादीतील कलाकारास संधी देण्यात येत आहे. पुढील वर्षी आपला अवश्य विचार केला जाईल."

येत्या श्रावणात मला पस्तीस पूर्ण होतात. पुढच्या वर्षी विचार करायला मी तुमच्या नियमात बसणारच नाही. अर्ज तुमच्या हातात होता, जन्मतारीख पहिल्याच पानावर होती.

आपण नाशिककर गोदेचा पूर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतो. ती मेल वाचली त्या दिवशी पाणी मारुतीच्या गळ्याशी लागलं होतं. आता गुडघ्यापर्यंत उतरलंय, म्हणून लिहायला बसले.

पहिली तक्रार त्या "लक्षात घेऊन" या शब्दांबद्दल. लक्षात कुणी आणि कसं घेतलं? मला कुणी विचारलं नाही की मुलगी कुणाकडे असते, तिची शाळा किती वाजता सुटते, जेवण कोण भरवतं. विचारलं असतंत तर दोन मिनिटांत सांगितलं असतं. सासूबाई घरी आहेत आणि त्यांनाच या शिबिराचा उत्साह माझ्यापेक्षा जास्त होता. नवरा अंबडच्या कारखान्यात आहे, त्याने पहिली शिफ्ट बदलून घेतली होती. (तो "मदत करतो का" असं मला फार जण विचारतात. मदत शेजारी करतात. तो मुलीचा बाप आहे.) म्हणजे ज्या जबाबदाऱ्या तुम्ही लक्षात घेतल्यात त्यांची सोय आम्ही तिघांनी स्वयंपाकघरात बसून, कागदावर वेळापत्रक मांडून आधीच केली होती. माझा प्रश्न परवानगीचा होता. तुम्ही तो अडचणीचा समजलात.

आणि लक्षात घ्यायचंच होतं, तर सगळ्यांच्या का नाही घेतल्या? त्या बारा जणांत तीन बाप आहेत, हे मला माहीत आहे, कारण तिघेही माझे मित्र आहेत. त्यातल्या एकाचं बाळ सहा महिन्यांचं आहे. त्याला एकानेही फोन करून विचारलं नाही की दहा दिवस बाळाला कोण बघणार. तो गुणी चित्रकार आहे, त्याची निवड योग्यच आहे, त्याला काढा असं मी स्वप्नातही म्हणणार नाही. फक्त एवढंच दिसतं की त्याच्या घरी बाळ झालं तेव्हा तुम्ही त्याचं अभिनंदन केलंत, आणि माझ्या घरी मूल आहे हे कळलं तेव्हा माझं नाव खोडलंत.

आता वयाच्या अटीबद्दल. तरुण कलाकारांना संधी मिळावी, हे मान्य. पण पस्तीस वर्षं मोजताना तुम्ही जन्मापासून मोजता, काम करायला मिळालेली वर्षं मोजत नाही. माझी मुलगी 2021 च्या एप्रिलमध्ये झाली, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत. त्यानंतरची अडीच वर्षं मी एकही प्रदर्शन केलं नाही. माझ्याच वर्गातली मैत्रीण एका कंपनीत डिझायनर आहे. तिला 2017 च्या दुरुस्तीनंतरच्या कायद्याप्रमाणे 26 आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली, आणि 50 किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील तर पाळणाघराची सोय करणं मालकाला बंधनकारक आहे, तीही तिला मिळाली. चित्रकाराला मालक नसतो, त्यामुळे रजा नसते, आणि पाळणाघर म्हणजे ज्याच्या त्याच्या सासूबाई. याबद्दल तुम्हाला दोष देत नाही. पण ती अडीच वर्षं माझ्या पस्तिशीतून निदान वजा तरी व्हावीत.

हे लिहिलं आणि पुन्हा वाचलं, तेव्हा वाटलं की मीच चूक करते आहे. "वजा करा" म्हणताना मीही मान्य करते की ती वर्षं रिकामी गेली. ती रिकामी नव्हती. ते जरा सविस्तर सांगते, कारण तुम्ही सगळे चित्रकार आहात, तुम्हाला कळेल.

मी तैलरंगात काम करायचे. गरोदरपणाच्या तिसऱ्या महिन्यात टर्पेंटाइनच्या वासाने उलट्या व्हायला लागल्या. डॉक्टरांनीही सांगितलं की बंद खोलीत हे नको. रंगांची पेटी माळ्यावर गेली. मुलगी झाल्यावर म्हटलं जलरंग बरे, वास नाही, पसारा कमी. आपल्या गावाला जलरंगाची परंपराही आहे. चित्रकार शिवाजी तुप्यांनी रंगवलेले घाट आणि वाडे बघत आमची पिढी शिकली. 2015 च्या सिंहस्थात, चोविशीत, मी स्वतः पहाटे पाचपासून रामकुंडावर हाफ इम्पीरियल कागद मांडीवर घेऊन बसलेली आहे. म्हणून वाटलं, हात आहेच.

पण वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा ओला थर, थांबत नाही. आभाळ टाकलं की ओलं असेपर्यंत तिथेच राहावं लागतं. मी आभाळ टाकायचे आणि पाळण्यातून रडं यायचं. पाजून, ढेकर काढून, निजवून परत यावं तर रंगाने कडा धरलेली असायची. 300 जीएसएमचे जाड कागद असे किती फुकट गेले, हिशोब ठेवला नाही. ठेवला असता तर नवऱ्याला दाखवावा लागला असता. एके रात्री तीन वाजता, तिला मांडीवर घेऊन, हाताशी फक्त तिच्या लसीकरणाची फाइल आणि एक शाईचं पेन होतं. फाइलच्या मागच्या बाजूला मी खिडकीची जाळी काढायला घेतली. बारीक रेघा, एकमेकींना लागून. ती हलली की रेघ थांबायची. ती निजली की पुन्हा सुरू व्हायची, पण नेमकी तिथून नाही, किंचित बाजूने. सकाळी बघितलं तर जाळीत जागोजागी बारीक फटी पडल्या होत्या आणि त्या फटींतून उजेड आल्यासारखा दिसत होता.

तेव्हापासून मी अर्ध्यावर सोडता येईल असंच काम करते. शाई, पेन, तळहाताएवढा कागद. जिथे उठावं लागलं तिथे रेघ तुटते आणि ती मी जोडत नाही. घाटाच्या पायऱ्या, तांबट आळीतल्या उतरंडी, नारोशंकराच्या देवळावरची दगडी नक्षी, सगळं याच पद्धतीने. रोज वीस मिनिटं, कधी चाळीस. ती सहा चित्रं यातलीच आहेत.

यादी लागली त्या दिवशी तुमच्यापैकी एका ज्येष्ठांनी मला फोनवर सांगितलं होतं, "तुझ्या रेषेत आता एक थांबा आलाय. कॉलेजात असताना तुझी रेष धावत सुटायची." सर, तो थांबा माझी मुलगी आहे. ती जिथे जिथे रडली तिथे तिथे तो आहे. ज्या गोष्टीमुळे तुम्ही मला निवडलंत, त्याच गोष्टीमुळे मला वगळलंत, आणि समितीत कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तिसरी तक्रार त्याच मेलच्या दुसऱ्या परिच्छेदाबद्दल, आणि खरं सांगते, ती मला जास्त लागली. शिबिरातून काढताना तुम्ही मला आमंत्रणही दिलंत: 8 मार्चला "मातृत्व आणि कला" या विषयावर मनोगत, नंतर प्रात्यक्षिक, नंतर रांगोळी स्पर्धेचं परीक्षण. "मानधनाची तरतूद नाही, सन्मानचिन्ह देण्यात येईल."

म्हणजे मी आई आहे म्हणून फेब्रुवारीत घाटावर नको, आणि मी आई आहे म्हणून मार्चमध्ये व्यासपीठावर हवी.

बरं, येऊन मी काय बोलू? तुम्हाला आवडेल ते मला माहीत आहे. आई म्हणजे त्याग, आई म्हणजे पहिली कलाकार, बाळाच्या हसण्यात सगळे रंग. दोन टाळ्या पडतील. खरं बोलायचं तर असं बोलावं लागेल: माझं माझ्या मुलीवर इतकं प्रेम आहे की ती शाळेतून पाच मिनिटं उशिरा आली तरी माझ्या पोटात खड्डा पडतो. आणि कधीकधी मी बाथरूमची कडी लावून आत चित्र काढत बसले आहे, ती बाहेरून दार वाजवत असताना. एकदा ती तापात झोपली होती, मी तिच्या उघड्या तळहाताचं चित्र काढत राहिले आणि औषधाची वेळ वीस मिनिटांनी टळली. त्या चित्राइतकं चांगलं चित्र मी आजवर काढलेलं नाही आणि ते मी कुणालाही विकणार नाही. लाज वाटते का, तर वाटते. पुन्हा तशी वेळ आली तर काढीन का, तर बहुतेक काढीन, गजर लावून. हे 8 मार्चला चालणार असेल तर सांगा.

रांगोळीबद्दल माझं काही वाकडं नाही. माझी आई पंचवटीतल्या आमच्या वाड्याच्या अंगणात रोज पहाटे ठिपक्यांची रांगोळी काढायची. एकवीस ठिपक्यांची सुद्धा, एकदाही न पुसता. गल्लीत सगळे म्हणायचे, हिचा हात चांगला आहे. तिला कलाकार कुणीच म्हटलं नाही, तिने स्वतःही नाही. मी इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत ए ग्रेड मिळवली तेव्हा मात्र तिने अख्ख्या वाड्याला बर्फी वाटली. मला वाटायचं, हा आनंद माझा आहे. आता वाटतं त्यात तिचाही हिशोब होता.

वारली चित्रांचं उदाहरण तुम्हाला सांगायला नको, पण सांगते. त्र्यंबकच्या पुढे, जव्हारच्या बाजूला, लग्नघरात भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चित्र, लिहितात तो सवाशिणी लिहितात. तांदळाच्या पिठाचं पाणी, बांबूची काडी, मधोमध पालघाट देवी. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते तेव्हाच देवी येते. कॉलेजात असताना आम्ही अभ्यासाला गेलो होतो, तेव्हा चौक लिहिणाऱ्या एकीच्या कडेला मूल होतं. तिचा हात चालू होता, मूल पिठाच्या वाटीत बोटं घालत होतं. तिला कुणी म्हटलं नाही की तुझ्या कौटुंबिक जबाबदाऱ्या लक्षात घेता यंदाचा चौक दुसरीला देतो. तो चौक तिच्याशिवाय होतच नाही. पुढे ही चित्रं कागदावर आली, जिव्या सोमा मशे यांनी ती जगभर नेली, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे. तरी भिंतीवर होती तोवर चित्रं बायांची होती आणि त्यांना कुणी नाव विचारलं नाही, ही गोष्ट मला विसरता येत नाही.

पैशांबद्दल बोलायला मला अजूनही अवघडतं, म्हणून पटकन उरकते. शिबिरातल्या बारा जणांना मानधन आहे, कागद-रंग आहेत, बदल्यात प्रत्येकी दोन चित्रं संस्थेकडे राहणार. व्यवहार सरळ आहे. मला मात्र सन्मानचिन्ह. घरी अशी सहा आहेत, एका लाकडी चिन्हाची मुलीने बाहुलीसाठी खुर्ची केली आहे. चूक माझीही आहे. चित्राची किंमत विचारली की मी वर्षानुवर्षं "द्या काय द्यायचं ते" म्हणत आले. समोरचा जे देईल तेच माझं मोल, असं कुठेतरी बसलं होतं. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात मी स्केच करायला जाते. तिथे एक मेथीवाली आहे, मांडीवर नातू घेऊन बसते. गिऱ्हाईकाने भाव पाडून मागितला की ती वाद घालत नाही, रागावत नाही, फक्त जुडी परत ढिगावर ठेवते आणि नातवाचं तोंड पदराने पुसते. तिची पंधरा-वीस स्केचेस केल्यावर मला किंमत सांगता यायला लागली. आता सांगते: दीड तासाचं मनोगत, प्रात्यक्षिक आणि परीक्षण यांचं मानधन शिबिरातल्या एका दिवसाच्या मानधनाइतकं. ते नसेल तर जुडी ढिगावर ठेवली असं समजा.

तर माझं म्हणणं असं आहे.

मेलमधलं "कौटुंबिक जबाबदाऱ्या" हे कारण लेखी मागे घ्या. मला दुसऱ्या कारणाने वगळायचं असेल तर ते कारण लिहा, मी वाचेन.

माझ्या जागी जिला घेतलंत तिला काढू नका. ती माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान आहे आणि या सगळ्यात तिचा काही दोष नाही. बारांचे तेरा करा. मला खोली नको, रात्रीचं जेवण नको, त्यामुळे खर्च फारसा वाढणार नाही.

नाशिकमध्येच राहणाऱ्यांना रात्री घरी जाण्याची मुभा सगळ्यांसाठी ठेवा, बापांसाठीही. सहा महिन्यांच्या बाळाच्या बापाला ती हवी आहे, त्याने मला सांगितलं. तुम्हाला सांगायला तो घाबरतो.

वयाच्या अटीत मूल सांभाळण्यात गेलेली वर्षं धरू नका, मग ती आईची असोत की बापाची. ते किचकट वाटत असेल तर वय सोडा आणि पदविका झाल्यापासूनची वर्षं मोजून त्यात सूट द्या. नियम कसा लिहायचा ते बसून ठरवता येईल, मी यायला तयार आहे.

घरच्या जबाबदाऱ्यांबद्दल विचारायचंच असेल तर अर्जातच विचारा, प्रत्येकाला, आणि मदतीसाठी विचारा, कात्री लावण्यासाठी नको.

तुमच्या पाच जणांच्या समितीत एकही बाई नाही. पुढच्या वर्षी निदान दोन असाव्यात, ज्या अजून काम करत आहेत अशा. सत्कारापुरत्या नकोत.

शिबिराला अजून सतरा दिवस आहेत. दहा दिवसांत लेखी उत्तर मिळावं, म्हणजे नवऱ्याची बदललेली शिफ्ट तशीच ठेवायची की नाही ते ठरवता येईल.

उत्तर काहीही आलं तरी ते दहा दिवस मी घाटावर असणार आहे, नारोशंकराच्या बाजूला, सकाळी साडेसहापासून, माझ्या कागद-शाईनिशी. शनिवार-रविवारी मुलगीही असेल. गेल्या महिन्यापासून मी जलरंगांची पेटी पुन्हा काढली आहे, छोटे वॉश जमायला लागलेत, आणि रंगाचं गढूळ पाणी बदलून आणायचं काम तिच्याकडे आहे. ती थोडं सांडते. तुमच्यापैकी कुणी तिकडे आलात तर पाय जपून टाका.

आपली,
यादीतली सातव्या क्रमांकाची चित्रकार
इंदिरानगर, नाशिक